रविवारचा मुकुंद

आमच्या घरात टीव्ही आला तो मुकुंददादाला बघण्यासाठी. इतरांकडं तो पोरीच्या लग्नात आला, नाही तर कापूस बरा पिकला त्या साली आला. आमच्या अप्पांनी तो परभणीहून पॅसेंजरनं पिंगळी स्टेशनावर उतरवला, तिथून बैलगाडीत कडब्याच्या पेंढ्यांवर निजवून गावात आणला. गल्लीतली पोरं ओरडत गाडीमागं आली. माय दारात उभी होती. तिनं खोक्याला हळदकुंकू लावलं नाही की काही नाही. "कुठं ठिवायचा?" एवढंच विचारलं. अप्पा म्हणाले, "तुला नीट दिसंल तिथं." दादाला घरातून जाऊन तोवर वर्ष होत आलं होतं.

मुकुंद माझा थोरला भाऊ. घरात आम्ही चौघंच, अप्पा, माय, तो आणि मी, सुमी. अप्पा गावातल्या शाळेत मास्तर होते. भूगोल शिकवायचे. गंगा कुठं उगम पावते, ब्रह्मपुत्रा कुठून वळते हे त्यांनी अख्ख्या गावाच्या दोन पिढ्यांकडून पाठ करून घेतलं, पण स्वतः ते हैदराबादच्या पुढं कधी गेले नव्हते आणि जायची त्यांना हौसही नव्हती. शाळा, गावाशेजारचं थोडं रान आणि संध्याकाळी ओट्यावर पेपर, एवढ्यात त्यांचं भागायचं. माय पहाटेच चूल पेटवायची. तिच्या भाकरी थापण्याचा आवाज हाच आमचा गजर. पलीकडून पिठाच्या गिरणीचा टुकटुक आवाज सुरू व्हायचा, आणि मग लांबून पॅसेंजरची शिट्टी आली की दादा तव्यावरची भाकरी हातात घेऊन, तिच्यावर शेंगदाण्याची चटणी आणि तेल ओतून, खात खातच स्टेशनाकडं पळायचा. परभणीच्या कॉलेजात तो जात होता. म्हणजे गाडीत बसायला जात होता असं म्हटलं तरी चालेल.

चाक असलेलं काहीही दिसलं की दादाला राहवायचं नाही. बैलगाडी, टमटम, ट्रॅक्टर, रेल्वेच्या गँगची ढकलायची ट्रॉली, त्यानं काही सोडलं नव्हतं. एकदा कापसानं भरलेल्या ट्रकवर चढून तो सेलूच्या बाजारात गेला आणि दोन दिवसांनी परत आला, तेव्हा त्याच्या केसांत, भुवयांत, कानांत सगळीकडं पांढरा कापूस चिकटलेला. मायनं हातात लाटणं घेतलं खरं, पण त्याचं ते ध्यान बघून तिला हसू आवरेना. "म्हातारा होऊन आलंय माझं लेकरू," ती म्हणाली. आज मी हे लिहिते आहे तेव्हा माझ्या वयाची साठी कधीच उलटली आहे, पण दादाचा पांढऱ्या केसांचा चेहरा मला डोळ्यांसमोर आणायचा झाला तर तो त्या दिवशीचाच आणावा लागतो. दुसरा नाही.

दिवाळी होऊन थंडी पडायला लागली होती. एका दुपारी दादा आमचीच बैलगाडी हाकत दारात आला तर गाडीत चार परकी माणसं आणि लोखंडी पेट्या. देशाच्या दक्षिण टोकापासून पूर्वेच्या शेवटच्या डोंगरापर्यंत जमिनीवरून जायचं, विमानात बसायचं नाही, आणि एका जातीच्या वाहनात एकदा बसलं की पुन्हा त्यात बसायचं नाही, असा त्यांचा नेम होता. हा सगळा प्रवास पुढं टीव्हीवर दाखवणार होते. रेल्वेचा टप्पा संपवून ते पिंगळीला उतरले आणि स्टेशनाबाहेर बैलगाडी शोधायला लागले, तर समोर दादा. तो धावत घरी आला, बैल जुंपले आणि त्यांना घेऊन आला. त्यांचा म्होरक्या उंच, दाढीवाला, हिंदी बोलणारा. आम्ही सगळे त्याला साहेब म्हणायचो. त्यांच्यात एकच मराठी माणूस होता, पुण्याचे जोगळेकर. ते कानाला यंत्र लावून आवाज टिपायचे. मायला ते फार आवडले, कारण त्यांनी आल्या आल्या चुलीपाशी बसून विचारलं, "वहिनी, भाकरी थापण्याचा आवाज घेऊ का?" माय लाजली. "भाकरीचा कसला आवाज घेतात व बाबा," म्हणाली, पण मग नेहमीपेक्षा जोरात थापली.

त्या रात्री सगळे आमच्याकडंच जेवले. पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा. साहेबांनी ठेच्याचा मोठा घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तेव्हा दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. दुसऱ्या दिवशी त्यांना कापसाच्या ट्रकनं जिंतूरकडं जायचं होतं, आणि पुढं येलदरीच्या धरणात मासेमारांच्या होडीतून पलीकडच्या काठाला. येलदरीला आमचा मामा होता. होडीवाले त्याच्या ओळखीचे. दादा म्हणाला, "अप्पा, मी ह्यांना मामाकडं पोचिवतो अन् संध्याकाळच्या यष्टीनं माघारी येतो."

"कॉलेज?"

"एका दिसानं काय व्हायलंय?"

अप्पांनी मान डोलावली. मायनं फडक्यात धपाटे बांधून दिले, दह्याचं गाडगं दिलं. दादा ट्रकवर चढला, कापसावर ऐसपैस बसला आणि ट्रक वळेपर्यंत हात हलवत राहिला. मी त्याच्याकडं नीट बघितलंसुद्धा नाही. संध्याकाळी यायचाच होता.

संध्याकाळची यष्टी आली आणि गेली. तिसऱ्या दिवशी तो ट्रकवाला आमच्या दारात ट्रक उभा करून खाली उतरला. "मास्तर, तुमच्या पोराचा सांगावा हाय. म्हणला, ह्यांच्यासंगं पुढं जायलोय. पेट्या उचलायला मानूस पायजे होता ह्यांना. काळजी करू नका म्हणला, सगळा देश बघून येतो." माय ट्रकवाल्यावरच उखडली. "तुमी कामून जाऊ दिलं? तुमाला लेकरं न्हाईत का?" तो बिचारा पागोटं काढून उभा राहिला. पण रात्री भाकरी थापताना ती माझ्याशी हळूच बोलली, "सगळा देश म्हंजे किती लांब असंल गं सुमे?" तिच्या आवाजात राग होता आणि थोडा तोराही होता. आपल्या घरातलं एक माणूस एवढं लांब चाललंय, हा तोरा.

मग जोगळेकर आले. उन्हं तापायला लागली होती, ओट्यावर मिरच्या वाळत घातलेल्या. ते एकटेच पिंगळी स्टेशनावरून चालत आले आणि त्यांच्या खांद्याला दादाची पिशवी होती. मायनं ती पिशवी बघितली आणि जागच्या जागी खाली बसली. त्यांनी पाणी घेतलं नाही. उभ्यानंच सांगितलं. पार पूर्वेला एका मोठ्या नदीवर, जिचा पलीकडचा काठ दिसत नाही अशा नदीवर, ते फेरीबोटीत बसले. बोटीत माणसं, सायकली, शेळ्या, पुढच्या टप्प्यासाठी ठरवलेली जीप, सगळं होतं. चढताना मुकुंद त्यांच्याबरोबर होता, त्याची पिशवी त्यानं जीपमध्ये टाकली होती. पलीकडं उतरून पेट्या मोजल्या, माणसं मोजली, तर तो नव्हता. बोटीत शोधला, काठावर शोधला, पोलिसांत सांगितलं, नावाड्यांनी पाण्यात बघितलं. चार दिवस ते सगळे तिथं थांबले. "कुणी पडल्याचा आवाज नाही, कुणी ओरडल्याचा नाही," जोगळेकर म्हणाले. कानाला यंत्र लावून बसणारा माणूस तो. आवाज आला नाही, हे सांगून त्यांनी पिशवी मायच्या पुढ्यात ठेवली.

अप्पा कलकत्त्यावरून तिकडं गेले. ज्या नदीचं वळण फळ्यावर खडूनं काढायचे तिच्या काठावर ते दोन्ही घाटांवर फिरले, दादाचा फोटो माणसांपुढं धरत. महिन्याभरानं परतले तेव्हा त्यांची दाढी वाढली होती आणि पायांना भेगा पडल्या होत्या. मायनं गरम पाणी दिलं. ते बराच वेळ पाण्यात पाय बुडवून बसले आणि म्हणाले, "लय रुंद हाय गं ती. लय रुंद हाय." त्यानंतर त्यांनी वर्गात त्या नदीचा धडा शिकवला नाही. दुसऱ्या मास्तरांकडं दिला.

हे सगळं होऊन गेल्यावर, पावसाळा सरता सरता, जोगळेकरांनी निरोप धाडला की तो कार्यक्रम आता टीव्हीवर लागणार. दर रविवारी सकाळी. तेव्हा अप्पा टीव्ही आणायला परभणीला गेले.

पहिले काही रविवार दक्षिणेतच गेले. मग आमचा जिल्हा आला. त्या दिवशी अख्खं गाव आमच्या घरात. अंगणात, खिडकीत, जोत्यावर माणसंच माणसं. पडद्यावर पिंगळी स्टेशन दिसलं आणि एकच गलका झाला. आमचे बैल दिसले. वेशीवरचा मारुती दिसला. "अरे, त्यो बघ लक्ष्मण, कसा वाकून बघायलाय!" माणसं स्वतःला बघून हसत होती, टाळ्या पिटत होती. आणि मग कासरा हातात घेतलेला, मान वळवून साहेबांशी बोलणारा दादा दिसला. हसू मधेच तुटलं. कुणीतरी बाई "आगं माय" म्हणाली आणि तिनं पदर तोंडात धरला. पडद्यावर माय भाकरी थापत होती, थाप थाप थाप आवाज घरात भरला होता, आणि दादा ठसका लागेस्तोवर हसत होता. जित्याजागत्या मायनं डोळ्याला पदर लावला नाही. ती पुढं सरकली आणि गर्दीकडं वळून म्हणाली, "गप बसा की जरा. त्यो काय बोलायलाय ते ऐकू द्या."

पुढच्या रविवारपासून गाव आलं नाही. येऊ नये हे न सांगता सगळ्यांना समजलं. आम्ही तिघंच बसायचो. येलदरीच्या पाण्यातली होडी, मग उसाचा ट्रॅक्टर, मग टेंपो, मग कुठल्या तरी परक्या गावातली सायकलरिक्षा. साहेब पुढं बोलत असायचे आणि आमची नजर त्यांच्या मागं. कधी दादाचा नुसता हात दिसायचा, पेटीची कडी धरलेला. कधी पाठ. माय सगळं टिपायची. "वाळलाय." "केस वाढलेत, कुणी कापाय सांगितलं न्हाई." एका रविवारी त्याच्या अंगात स्वेटर दिसला, पुढून आडवा पांढरा पट्टा असलेला. आमच्या घरचा नव्हता. "कुणी दिला असंल गं?" माय दिवसभर विचारत राहिली. आमचा टीव्ही काळा-पांढरा, स्वेटरचा रंग काही समजायचा नाही. तिनं शेवटी तिच्यापुरतं ठरवलं, जांभळा. एका रविवारी तो लंगडत होता. ती उठून देवापुढं दिवा लावून आली. त्याच्या पुढच्या रविवारी तो नीट चालला तेव्हा तिला बरं वाटलं. पाय बरा झाला होता. आणि तो माणूस मात्र या जगात आहे की नाही हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

तो जे खायचा ते आमच्या घरात शिजायला लागलं. पडद्यावर तो शेकोटीत भाजलेले पिठाचे गोळे खाताना दिसला तर त्या दुपारी मायनं चुलीच्या निखाऱ्यात गोळे भाजले, वरून तूप ओतलं आणि आमच्या ताटात वाढले. कधी नुसता भात आणि मासळीचा रस्सा दिसला. आमच्या घरात मासळी चालत नसे, तर तिनं भातावर भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या येसराची आमटी वाढली आणि म्हणाली, "रंग तसाच आलाय." अप्पा मान खाली घालून जेवायचे. मी जेवायची. आता परभणीत लेकाच्या घरी डायनिंग टेबलावर बसून जेवते, तरी कधी कुणी विस्तवात भाजलेलं काही समोर ठेवलं की माझा घास तोंडात फिरतो.

एकदाच तो बोलला. धुक्यात घोड्याचा एक्का चालला होता. साहेबांनी मागं वळून विचारलं, "मुकुंद, घर की याद आती है?" कॅमेरा त्याच्याकडं वळला. दादानं नाक ओढलं, थोडा हसला आणि आमच्या इकडच्या हिंदीत म्हणाला, "याद तो आती साब. पर आगे क्या है, वो भी देखना ना." मग एक्का पुढं गेला. माय दिवसभर घरात ते वाक्य बोलत फिरत होती, अर्धंच. "याद तो आती म्हणला. ऐकलं का व तुमी? याद तो आती म्हणला." उरलेलं अर्धं वाक्य घरात कुणी कधीच तोंडातून काढलं नाही.

प्रत्येक रविवारी तो नदीकडं सरकत होता. पुढच्या भागात काय आहे हे शेवटी सांगायचे. एका रविवारी त्यांनी ती नदी दाखवली, फेरीबोटीचा भोंगा ऐकवला आणि कार्यक्रम संपला. शनिवारी अप्पा कोठीवर चढून अँटेना नीट करायला लागले तर माय अंगणातून म्हणाली, "काढून टाका ती."

"काय म्हणतीस?"

"काढा म्हणते. आज त्यो या काठाला हाय. हितंच ऱ्हाऊ द्या त्याला."

अप्पा शिडीवरून उतरले. "अगं, मी त्या वाळूत महिनाभर हिंडलो. कुणाला काई माहीत न्हाई. त्या बोटीत कॅमेरा होता. कुठं उभा होता त्यो, कुणाजवळ होता, कायतरी दिसंल. मला बघितल्याबिगर भागायचं न्हाई."

"तुमाला बघायचंय तर बघा. मला त्याला पाण्यावर बघायचा न्हाई."

रविवारी सकाळी अप्पांनी टीव्ही लावला आणि माय गोठ्यात जाऊन बसली, घराकडं पाठ करून. मी मधल्या दारात उभी होते. मला अप्पांच्या मानेची शीर दिसत होती आणि दुसरीकडं मायचं पाठमोरं डोकं. फेरीबोट निघाली. साहेब नदीबद्दल बोलत होते. त्यांच्या मागं कठड्याला टेकून दादा उभा होता, त्या पट्ट्याच्या स्वेटरात, वाऱ्यानं केस उडालेले. त्याच्याजवळ एक म्हातारी शेळी धरून बसली होती. त्यानं वाकून शेळीच्या कपाळावरून हात फिरवला. मग कॅमेरा पाण्याकडं गेला. पाणी, पाणी, पाणी. पुन्हा साहेब दिसले तेव्हा कठड्यापाशी म्हातारी होती, शेळी होती, दादा नव्हता. अप्पा इतके पुढं वाकले की त्यांचा श्वास काचेवर उमटत होता. बोट काठाला लागली. फळी टाकली. जीप उतरली, सायकली उतरल्या, माणसांचा लोंढा उतरला आणि वाळूत पसरला. आणि त्या लोंढ्यात, अगदी कडेला, मला तो स्वेटर दिसला. पाठमोरा. पुढून पांढरा पट्टा होता तसा मागूनही होता. तो सगळ्यांपासून सुटून उजव्या हाताला वाळूच्या चढावर चालला होता, सावकाश, कुठं जायचं ते माहीत असल्यासारखा. मग साहेबांचा चेहरा मधे आला.

"अप्पा! त्यो बघा, उतरला! उतरला त्यो!"

"कुठं?"

"तिकडं, वर चालला!"

पण पडद्यावर आता जीप चालली होती. अप्पा माझ्याकडं बघत राहिले. "मला न्हाई दिसला सुमे," ते म्हणाले. "पिशवी जीपमधी टाकून कुणी जातं का?" तो स्वेटर तिकडं दर दुसऱ्या माणसाच्या अंगात असेल. पण मी जे बघितलं ते बघितलं. मी गोठ्यात गेले. मायनं मान वळवली नाही. मी म्हटलं, "माय, त्यो उतरला. मी बघितला."

तिचा हात गाईच्या पाठीवर होता. तिनं विचारलं, "पायात काय होतं?"

"चपला होत्या."

"लंगडत होता का?"

"न्हाई. नीट चालायला होता."

ती उठली, बादली घेतली आणि धार काढायला बसली.

अप्पांनी पुढं खूप धडपड केली. तो भाग पुन्हा बघायला मिळावा म्हणून ते दोनदा मुंबईला गेले. जोगळेकरांनीही जिवाचं रान केलं. पण त्या फिती पुसून त्यांच्यावर दुसरं काही टिपलं होतं, असं शेवटी समजलं. अप्पा ते मनाला लावून घेऊनच गेले. दादा आला नाही. त्याची खबरही आली नाही. माझा नातू फोनवर जगभर फिरणारी माणसं बघत असतो, बोटीत, उंटावर, बर्फावरच्या गाडीत. "आजी, हे बघ," म्हणून फोन पुढं करतो. मी बघते. पण पुढं बोलणाऱ्या माणसाकडं माझं लक्ष नसतं. त्याच्या मागून जी माणसं येतात-जातात, त्यांच्याकडं मी बघते, एकेकाच्या पाठीकडं, आणि नातू म्हणतो, "तिकडं काय बघतेस, तिकडं काहीच नाही."

नदीनंतरच्या रविवारी मी टीव्ही लावणार नव्हते. अप्पा रानात निघून गेले होते. माय आत आली, नेहमीच्या जागी बसली आणि म्हणाली, "लाव." मग ती दर रविवारी बसली. दादा कुठंच नव्हता, ना हात, ना पाठ. साहेबांची पेटी आता दुसराच कुणी उचलत होता. जीप झाली, हत्ती झाला, खेचरं झाली. माय सगळं बघत होती, पण आता ती काही विचारत नव्हती आणि रविवारच्या दुपारी घरात आमची नेहमीची भाकरी-भाजी व्हायची. शेवटच्या भागात साहेब पायी चढत चढत त्या पूर्वेच्या डोंगरावर पोचले. खूप थकलेले दिसत होते. दाढीत पांढरे केस आलेले. ते एका दगडावर बसले, बोलायला लागले आणि बोलता बोलता गप्प झाले. नुसता वारा ऐकू येत होता.

माय पडद्याकडं बघत होती. "पोचलं बाई," ती म्हणाली. "कुनाचं का व्हईना, लेकरू पोचलं." मग तिनं गुडघ्यांवर हात टेकले, उठली आणि स्वतःच्या हातानं टीव्ही बंद केला.